समुद्रतळाखालचे मीठ आणि लवकर दिलेला निकाल

पुस्तक परिचय व परीक्षण
द मेडिटेरेनियन वॉज अ डेझर्ट
लेखक : केनेथ शू
प्रिन्स्टन युनिव्हर्सिटी प्रेस, १९८३

मीठ समुद्राच्या पाण्यापासून मिळते, हे आपण प्राथमिक शाळेतच शिकवतो. सैंधव मात्र खाणीतून येते, हेही पुढच्या इयत्तांत सांगतो. पण समुद्राच्या तळाखाली, चिखलाच्या थराखाली गाडलेले मैलोगणती पसरलेले मीठ असते, ही गोष्ट वर्गात क्वचितच निघते. भूमध्य समुद्राखाली असे मीठ आहे. त्याची जाडी कित्येक ठिकाणी एक किलोमीटरपेक्षा जास्त असून एकूण साठा सुमारे दहा लाख घन किलोमीटर मानला जातो. या मिठाचा शोध घेणाऱ्या १९७० सालच्या सफरीचे एक प्रमुख शास्त्रज्ञ केनेथ शू यांनी लिहिलेली हकिकत म्हणजे हे पुस्तक.

पुस्तक निघून चाळीस वर्षे उलटून गेली. मग आता त्याचे परीक्षण कशासाठी? याचे कारण असे की, 'भूमध्य समुद्र एके काळी पूर्ण आटून वाळवंट झाला होता' हे वाक्य आता व्याख्यानांत, लेखांत आणि प्रश्नमंजूषांत एक सिद्ध झालेली माहिती म्हणून वावरते. पुस्तकाचे शीर्षक नेमके तेच वाक्य आहे. आमच्या मते, पुरावा कसा तपासावा हे शिकवणारी यासारखी पुस्तके थोडीच असतील. मात्र ज्या ठिकाणी पुरावा संपतो त्या ठिकाणी हे पुस्तक थांबत नाही. शिक्षकाला या दोन्ही गोष्टींचा उपयोग आहे, म्हणून दोन्हींविषयी लिहीत आहोत.

न दिसणारे मीठ कसे शोधतात?

दोन-अडीच किलोमीटर पाणी आणि त्याखाली शेकडो मीटर चिखल. त्याच्याही खाली मीठ आहे हे कळते कसे? पहिले साधन आहे प्रतिध्वनी. जहाजावरून पाण्यात आवाजाचा जोरदार ठोका दिला जातो. त्यातला काही भाग समुद्रतळावरून परततो. उरलेला तळातून आत शिरतो आणि खाली जिथे खडकाचा प्रकार बदलतो तिथून परततो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर असतो. मऊ चिखलात तो थोडाच जास्त असतो. मिठाच्या घट्ट थरात मात्र तो साडेचार किलोमीटरच्या आसपास जातो. वेगात असा मोठा फरक पडला की त्या सीमेवरून प्रतिध्वनी जोरात येतो.

वर्गात एक सोपे उदाहरण देता येईल. समुद्रतळाच्या प्रतिध्वनीनंतर ०.२ सेकंदाने दुसरा प्रतिध्वनी आला. चिखलातला वेग सेकंदाला २ किलोमीटर धरला, तर ध्वनीने जाऊन-येऊन ०.४ किलोमीटर अंतर कापले. म्हणजे तो थर तळाखाली २०० मीटरवर आहे.

१९६० च्या दशकात भूमध्य समुद्रात घेतलेल्या नोंदींत असा एक जोरदार प्रतिध्वनी जवळजवळ सगळीकडे सापडला. त्या थराला 'एम परावर्तक' असे नाव मिळाले. काही ठिकाणी त्याखालून घुमटासारखे उंचवटे वर आलेले दिसले. मीठ दाबाखाली हळूहळू वाहते. त्याची घनता २.२ च्या आतच राहते, तर वरचा गाळ दबून दबून त्याहून जड होतो. हलके मीठ मग जड गाळातून वर सरकते आणि घुमट तयार होतात. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर व किनाऱ्याजवळच्या पाण्याखाली असे घुमट तेलाच्या शोधात आधीच सापडलेले होते, त्यामुळे भूमध्य समुद्रातही मीठच असावे असा तर्क होता.

पण तो तर्कच. प्रतिध्वनी सांगतो की खाली कठीण थर आहे. तो थर कशाचा, हे तो सांगत नाही. त्यासाठी छिद्र पाडून खडकाचा तुकडाच वर आणावा लागतो. पुस्तकाविषयी आमची पहिली तक्रार इथे आहे. शू यांना विंधनाची कथा सांगण्याची इतकी घाई आहे की आधीच्या दहा वर्षांत प्रतिध्वनींच्या आधारे झालेले काम चटकन मागे पडते. विद्यार्थ्याचा समज असा होतो की शोध लागला तो १९७० च्या ऑगस्टमध्ये. कुठे छिद्र पाडायचे हे ज्या नोंदींनी ठरवले, त्यांचा वाटा कमी दिसतो.

चार प्रकारचे खडे

ही तक्रार बाजूला ठेवली तर पुढची कथा मात्र सुंदर आहे. 'ग्लोमार चॅलेंजर' हे विंधन जहाज १९७० च्या ऑगस्टमध्ये लिस्बनहून निघाले. शू आणि विल्यम रायन हे या सफरीचे दोन प्रमुख. मिलान विद्यापीठाच्या मारिया बिआन्का चिता सूक्ष्म जीवाश्मांवरून थरांचे वय ठरवणार होत्या.

स्पेनच्या पूर्वेला, बार्सिलोनापासून काही अंतरावर छिद्र पाडताना नळ अडकू लागला. खालून अखंड खडक येईना, आले ते बारीक खडे. असे खडे पाहून कोणीही म्हणेल की नदीने किनाऱ्यावरून वाहून आणले असतील. शू यांनी ते धुऊन निवडून पाहिले. त्यांत चारच प्रकार निघाले. पहिला बेसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीत असतो तसा काळा ज्वालामुखीजन्य खडक. दुसरा खोल समुद्रातल्या चिखलाचा घट्ट झालेला दगड. तिसरे जिप्समचे स्फटिक. चौथे खुरटलेल्या प्राण्यांचे छोटे शिंपले.

आता विचार करायचा तो जे सापडले नाही त्याचा. स्पेनच्या किनाऱ्यावरून नदीने आणलेल्या वाळूत गारगोटी आणि ग्रॅनाइटसारख्या खडकांचे कण हवेत. ते नव्हते. म्हणजे खडे जमिनीवरून आलेले नाहीत. ते समुद्रतळाचेच तुकडे आहेत आणि तो तळ कधीतरी उघडा पडून झिजला असावा. जिप्सम तर पाणी आटल्याशिवाय तयार होत नाही. आणि शिंपले खुरटलेले, म्हणजे पाण्याची क्षारता प्राण्यांना मानवणारी नव्हती. मूठभर खड्यांवरून इतका विचार कसा बांधायचा, हे शू पायरीपायरीने दाखवतात. नववी-दहावीच्या मुलांना वाचून दाखवावा असा हा भाग आहे.

त्यानंतर बालेआरिक बेटांजवळच्या छिद्रातून खडकाचा एक लांब दंडगोल निघाला. जहाजावरच्या मंडळींनी कौतुकाने त्याला 'अटलांटिसचा खांब' म्हटले. त्यात अ‍ॅनहायड्राइटच्या, म्हणजे पाणी निघून गेलेल्या जिप्समच्या, गाठी होत्या आणि पातळ पातळ पापुद्र्यांचे थर होते. असे पापुद्रे सूर्यप्रकाशावर वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या जाजमांमुळे बनतात, आणि तशा गाठी आज अरबस्तानच्या आखाताच्या रणरणत्या, क्षारट किनाऱ्यावर जमिनीलगत तयार होतात. सार्डिनियाच्या पश्चिमेला खोल मैदानाच्या कडेला अखेर प्रत्यक्ष मीठही मिळाले.

मिठागर पाहिलेल्या मुलांना हा क्रम चटकन समजेल. उरण, पेण, वसईकडच्या मिठागरांत खाडीचे पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात असे पुढे नेतात. पाणी आटून मूळच्या साधारण एकपंचमांश राहिले की जिप्सम खाली बसू लागते. एकदशांश राहिले की मीठ. हे प्रमाण उसिग्लियो या रसायनशास्त्रज्ञाने १८४९ साली भूमध्य समुद्राचेच पाणी आटवून मोजले होते. शू यांचे म्हणणे असे की, या समुद्राखालीही कडेला जिप्समसारखे आधी बसणारे क्षार आणि मध्यभागी मीठ अशी वर्तुळे आहेत. आटत जाणाऱ्या परातीत दिसतात तशीच.

एका समुद्रात मीठ किती?

आता थोडे गणित करू. पुस्तकात हा मुद्दा आहे, पण तो वाचकाने स्वतः करून पाहावा असा आहे. एक घनमीटर समुद्रजलात साधारण ३५ किलो क्षार असतात. भूमध्य समुद्राची सरासरी खोली सुमारे १५०० मीटर. म्हणजे तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ५२ टन क्षार. मिठाची घनता २.२ धरली तर हा थर होतो २४ मीटर जाडीचा. आणि प्रतिध्वनींनी दाखवलेला थर तर हजार-दीड हजार मीटरचा!

सगळे मीठ खोल भागात गोळा झाले असे मानले तरी हिशेब जुळत नाही. या समुद्रात पाणी आहे सुमारे ३७ लाख घन किलोमीटर. ते सगळे आटवले तर क्षार निघतील साठ-पासष्ट हजार घन किलोमीटर. साठा मात्र दहा लाखांच्या घरात आहे. म्हणजे भूमध्य समुद्रासारखे पंधरा-सोळा समुद्र आटवावे लागतील. समुद्र एकदा आटला आणि मीठ उरले, ही कथा त्यामुळे इथेच मोडते.

या जादा मिठाची वाट एकच. अटलांटिकचे पाणी पुन्हा पुन्हा, किंवा सतत, आत येत राहिले पाहिजे. आजही भूमध्य समुद्रातून बाष्पीभवनाने जितके पाणी जाते तितके पाऊस आणि नद्या देत नाहीत. तूट जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून भरून निघते. ती वाट बंद झाली तर हजार-दीड हजार वर्षांत हा समुद्र आटेल.

एक पुरावा, तीन उत्तरे

इथेच पुस्तकाच्या मर्मावर बोट ठेवायला हवे. मिठाचे प्रमाण आपल्याला सांगते की पाणी येत राहिले. समुद्र कोरडा पडला होता की नाही, हे मात्र त्यावरून कळत नाही. पंधरा-सोळा वेळा भरून आटला तरी तेवढे मीठ साठेल. आणि सामुद्रधुनी अरुंद होऊन पाणी आत येत राहिले, पण खालचे जड, खारट पाणी बाहेर जाईना, तर समुद्र भरलेला असतानाच त्याच्या तळाशी मीठ बसत राहील. पहिल्या प्रकारात तळावर ऊन पडते, तर दुसऱ्यात त्यावर शेकडो मीटर खारे पाणी उभे असते. मीठ मात्र दोन्हीकडे सारखेच.

त्या काळी तीन मते होती. पहिले, खोल समुद्रातच खोल पाण्याखाली मीठ बसले. असा विचार श्माल्झ यांनी सफरीच्या आधीच, १९६९ साली, मांडला होता. दुसरे, समुद्र तेव्हा उथळ होता, त्यात मीठ साठले आणि नंतर तळ खाली खचला. सफरीवरचेच एक शास्त्रज्ञ नेस्तेरोफ यांचा कल इकडे होता. तिसरे शू, रायन आणि चिता यांचे : समुद्र आधीपासून खोल होता आणि तो आटला.

दुसऱ्या मताविरुद्ध पुस्तकातला पुरावा भक्कम आहे. मिठाच्या आधीचे आणि नंतरचे थर खोल समुद्राचे आहेत, हे त्यांतल्या जीवाश्मांवरून दिसते. शिवाय नद्यांची साक्ष आहे. नाईलवर अस्वानचे धरण बांधताना सोव्हिएत भूवैज्ञानिक चुमाकोव यांना नदीच्या पात्राखाली एक खोल, अरुंद घळ सापडली. तिचा तळ आजच्या समुद्रसपाटीच्याही खाली होता, आणि ती सागरी गाळाने भरलेली होती. समुद्रापासून हजारभर किलोमीटर आत! फ्रान्समधल्या ऱ्होन नदीखालीही तशीच घळ आहे. नदी समुद्रपातळीच्या फार खाली कोरत जात नाही. म्हणजे ती पातळीच खूप खाली गेली असली पाहिजे.

पहिल्या मताशी मात्र पुस्तकाने पुरेसा न्याय केलेला नाही, असे आम्हाला वाटते. कारण जहाजाने जे वर आणले ते मिठाच्या थराचे फक्त वरचे साल होते. मिठाखाली तेल किंवा वायू कोंडलेला असू शकतो, आणि तेलविहिरीवर असते तशी उसळी रोखणारी यंत्रणा या जहाजावर नव्हती. आरपार छिद्र पाडणे धोक्याचे होते, ते त्यांनी टाळले. हा निर्णय योग्यच होता. पण मग हजार मीटर जाडीच्या थराच्या वरच्या काही दशक मीटरांवरून आपण काय म्हणू शकतो? एवढेच की शेवटी शेवटी पाणी उथळ होते आणि काही भाग उघडा पडला होता. खालच्या नऊशे मीटरांबद्दल या नमुन्यांनी काहीच सांगितलेले नाही. पुस्तक ही मर्यादा लपवत नाही. पण शीर्षकापासून शेवटापर्यंत त्याचा जो सूर आहे, त्यात ती बुडून जाते.

दुसरीही अडचण आहे. अ‍ॅनहायड्राइटच्या गाठी तापलेल्या किनाऱ्यावर बनतात हे खरे, पण जिप्सम खोल गाडले जाऊन तापले तरी त्याचे अ‍ॅनहायड्राइट होते. उथळ पाण्यातले जिप्सम उतारावरून घसरून खोल तळाशीही जाऊ शकते. पुढच्या संशोधकांनी हे आक्षेप घेतले ते या पुस्तकाच्या आधाराला धरूनच.

नंतरच्या वर्षांत

शू १९७५ साली पुन्हा याच समुद्रात विंधनासाठी गेले. तेव्हाही थर आरपार भेदला गेला नाही. पुढे थरांचा कालक्रम खूप बारकाईने बसवला गेला. आता हा काळ ५९.७ लाख ते ५३.३ लाख वर्षांपूर्वीचा मानला जातो. सिसिलीच्या किनाऱ्यावरच्या रेआल्मोंते येथील खाणीत मिठाच्या भिंतींवर वाळल्यामुळे पडलेल्या भेगा आणि विरघळून कापले गेलेले स्फटिक दिसले. तिथले मीठ नक्कीच उघडे पडले होते. अर्थात सिसिलीतले खोरे म्हणजे समुद्राचा सर्वांत खोल भाग नव्हे, ही हरकत उरतेच. समुद्र पुन्हा कसा भरला याविषयी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिताने सुचवले की बहुतेक पाणी काही महिन्यांत ते दोन वर्षांत आत आले असावे. शू यांनी रंगवलेल्या प्रचंड धबधब्याऐवजी त्यात उतारावरून धावणारा लोंढा आहे.

२०२४ साली आणखी एक पुरावा पुढे आला, आणि तो मिठाच्या आतूनच. मिठातल्या क्लोरीनचे दोन समस्थानिक असतात, ३५ आणि ३७ वस्तुमानांकाचे. मीठ बसताना त्यात जड क्लोरीन किंचित जास्त जाते, त्यामुळे उरलेले पाणी हळूहळू हलक्या क्लोरीनने समृद्ध होते. हे प्रमाण थरागणिक मोजले तर किती पाणी आले आणि किती उरले याचा अंदाज बांधता येतो. या अभ्यासाचा निष्कर्ष असा : पहिल्या टप्प्यात, सुमारे ३५ हजार वर्षे, समुद्र खाऱ्या पाण्याने भरलेला असतानाच मीठ बसत होते. त्यानंतर दहा हजार वर्षांच्या आत पातळी झपाट्याने उतरली. पूर्वेकडे ती सुमारे पावणेदोन ते दोन किलोमीटर खाली गेली.

म्हणजे शू यांचा अंदाज बराचसा खरा ठरला, आणि त्यांच्या विरोधकांचाही काही भाग खरा ठरला. भरल्या समुद्रात मीठ बसले, मग तो आटला. साल पाहणाऱ्यांना शेवटचा अंक दिसला होता. आधीचा अंक खाली गाडलेला होता. हा वाद इथेच मिटला असेही आम्ही म्हणत नाही. पूर्व भूमध्य समुद्रात इस्रायलच्या किनाऱ्यासमोर तामार येथे २००९ मध्ये मिठाच्या थराखाली वायूचा मोठा साठा सापडला. अशा विहिरी मीठ आरपार भेदून जातात. पण त्यांना हवा असतो वायू, म्हणून मिठाचे सलग नमुने काढणे हा त्यांचा उद्देश नसतो. खोल भागातला थर संपूर्ण नमुन्यांसह तपासणे विज्ञानाला अजून बाकी आहे.

वर्गासाठी

हे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात असावे का? आमचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. इंग्रजी सोपे आहे, जहाजावरचे वातावरण जिवंत आहे, आणि मतभेद झाले तर शास्त्रज्ञ नेमके कशावर भांडतात हे त्यात दिसते. वरच्या वर्गातले विद्यार्थी ते स्वतः वाचू शकतील. मात्र शिक्षकांनी ते शीर्षक झाकून वाचायला द्यावे, अशी आमची सूचना आहे.

त्याच्या जोडीला तीन कामे करता येतील. पहिले, वर केलेले २४ मीटरचे गणित मुलांकडून करून घ्यावे आणि एकदाच आटल्याने काय काय स्पष्ट होत नाही हे त्यांना सांगू द्यावे. दुसरे, समुद्राचे पाणी मिळत असेल तिथे ते उथळ ताटात उन्हात आटवावे. भांड्याच्या कडेला आणि मध्यभागी काय बसते ते पाहावे. मग दुसऱ्या ताटात पाणी कमी होईल तसे रोज नवे समुद्रजल घालत राहावे. ते ताट कधीच कोरडे पडू द्यायचे नाही. काही दिवसांनी तळाशी मीठ दिसू लागले की पाणी हलकेच ओतून टाकावे आणि दोन्ही ताटे शेजारी ठेवून मुलांना विचारावे : नुसते मीठ पाहून यातले कोणते ताट वाळले होते हे ओळखता येईल का? तिसरे, चार प्रकारच्या खड्यांचा उतारा वाचून, जे सापडले नाही त्यावरून काय कळते, यावर चर्चा घ्यावी.

दोन ताटांतले मीठ पाहून उत्तर देता येत नाही, हे ज्या विद्यार्थ्याच्या लक्षात येईल, त्याला पुस्तकाचे सामर्थ्य आणि त्यातली उणीव एकदमच समजेल. मग त्याने स्वतःच विचारावे की ताटे ओळखायला आणखी काय पाहायला हवे. भेगा? स्फटिकांचा आकार? कडेचे थर? भूमध्य समुद्राबद्दल शास्त्रज्ञ पन्नासहून अधिक वर्षे हेच प्रश्न विचारत आले आहेत.